चिलटाच्या डोळ्यातला गुणाकार

मार्च-एप्रिलात कुडाळच्या आसपास कुठल्याही काजूच्या बागेत जा, झाडाखाली बोंडूंचा सडा पडलेला असतो. बी पिरगळून काढून घेतली की बोंडूला आमच्याकडे फारसं कोणी विचारत नाही. सीमेपलीकडे गोव्यात त्याची फेणी होते, इथे तो बहुतेक जागच्या जागी कुजतो. त्याला आंबूस वास सुटतो आणि त्या वासावर चिलटं येतात. फणस फोडून ठेवला, केळ्यांचा घड टांगला, तरी हीच मंडळी. प्राणिशास्त्रात यांना ड्रोसोफिला म्हणतात. जाती पुष्कळ आहेत, त्यांतली मेलानोगास्टर ही जात जगभरच्या प्रयोगशाळांत बाटल्यांमधून पाळली जाते.

शेजारच्या काकीने गरे काढता काढता मला विचारलं होतं, "गो, तू प्राण्यांचाच शिकलंस मा? मग ह्येंका मागसून कळता कसा? हात उचललंय काय गेलीच!"

मी कुडाळात प्राणिशास्त्र शिकवलं. वर्गात ड्रोसोफिलाचा विषय निघाला की मॉर्गन, १९१० साल, पांढऱ्या डोळ्यांची माशी आणि लिंगनिगडित आनुवंशिकता, एवढ्यावर धडा संपतो. काकीच्या प्रश्नाचं उत्तर त्या धड्यात नाही. ते मिळायला पाऊणशे वर्षं लागली. त्याची सुरुवात जर्मनीत, युद्धाच्या धामधुमीत झाली आणि वाटेतल्या एका महत्त्वाच्या वळणावर कुलाब्याच्या प्रयोगशाळेतून गेलेली, मूळ गोव्याच्या घराण्यातली एक बाई भेटते. हा इतिहास आपल्या भाषेत सांगायलाच हवा असं मला फार वर्षं वाटत आलं आहे.

आधी एक गल्लत दूर करते. आमच्या आंबा बागायतदारांना "फळमाशी" म्हटलं की वेगळीच माशी आठवते, आणि ती आठवण कडू आहे. ती बॅक्ट्रोसेरा. तयार होत आलेल्या हापूसच्या सालीखाली ती अंडी घालते आणि फळ कापल्यावर आत अळ्या निघतात. तिच्यामुळे मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने भारतीय आंब्याला दार बंद केलं, ते २०१५ साली उघडलं. कोकण कृषी विद्यापीठाचा "रक्षक" सापळा बागेत टांगतात तो तिच्यासाठी. त्यातल्या मिथाइल युजेनॉलच्या वासाला तिचे नर भुलतात. चिलटाचा आणि तिचा संबंध दूरचा. चिलट धड फळाला हात लावत नाही, आंबायला लागलेल्या फळावरचं किण्व खातं. इथे गोष्ट चिलटाची आहे.

आता दिसण्याबद्दल. चिलटाच्या एका डोळ्यात साधारण साडेसातशे नेत्रिका असतात. प्रत्येक नेत्रिका आकाशाचा एक लहानसा तुकडा पाहते, सुमारे पाच अंशांचा. तिला कळतं ते एवढंच: माझ्या तुकड्यात उजेड वाढला की घटला. कुठलीही एक नेत्रिका "काहीतरी डावीकडून उजवीकडे गेलं" असं सांगू शकत नाही, कारण तिच्या वाट्याला डावं-उजवं नाहीच. मग हालचाल आणि तिची दिशा कुठे जन्माला येते? जत्रेत देवळाच्या कमानीवर पळत्या दिव्यांची माळ असते. एकही दिवा जागचा हललेला नसतो, एक विझतो आणि शेजारचा लागतो, आणि आपल्याला उजेड धावताना दिसतो. म्हणजे धावणं दिव्यात नाही, पाहणाऱ्याच्या मेंदूत आहे. शेजारच्या दोन ठिकाणी, थोड्या अंतराने, एकाच प्रकारची घटना घडली, एवढ्यावरून मेंदू गतीचा निष्कर्ष काढतो. तो कसा काढतो, हा सगळा प्रश्न.

कीटकांच्या डोळ्यामागचं जाळं स्पेनचे रामोन इ काहाल आणि दोमिंगो सांचेझ यांनी १९१५ सालीच चांदीच्या क्षारांनी रंगवून, कागदावर उतरवून ठेवलं होतं. चित्रं अप्रतिम होती. पण नुसत्या चित्रावरून कोणती पेशी काय करते हे कळत नव्हतं, आणि पुढची चाळीस वर्षं ते तसंच राहिलं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याच्या एका तुकडीत दोन तरुण एकमेकांना भेटले. बेर्नहार्ड हासेनश्टाइन जीवशास्त्राचे, वेर्नर राइखार्ट रेडिओच्या तंत्रात मुरलेले, पुढे भौतिकशास्त्रज्ञ झालेले. युद्धातून वाचलो तर दोन्ही शास्त्रांना एकत्र आणणारी संस्था काढायची, असं त्यांनी ठरवलं. राइखार्ट नाझींच्या विरोधातल्या लोकांच्या संपर्कात होते. गेस्टापोने त्यांना पकडलं, पण ते त्यातून जिवंत सुटले. दोघांनी शब्द पाळला. १९५८ मध्ये ट्यूबिंगेन इथे त्यांचा संशोधन गट सुरू झाला आणि १९६८ मध्ये त्यातून जैव-सायबरनेटिक्सची माक्स प्लांक संस्था उभी राहिली. पण त्यांचा खरा प्रयोग या सगळ्याच्या आधीचा, १९५६ साली छापून आलेला. माझ्या मते गेल्या शतकातल्या प्राणिशास्त्राच्या सर्वांत सुंदर प्रयोगांत तो मोडतो, आणि त्यात सूक्ष्मदर्शकाला जवळजवळ कामच नव्हतं.

प्रयोग चिलटावर नव्हता. क्लोरोफेनस नावाचा एक हिरवा सोंडकिडा त्यांनी घेतला. त्याची पाठ एका दांडीला चिकटवून त्याला अधांतरी धरलं आणि पायांत गवताच्या काड्यांचा एक पोकळ, हलका गोळा दिला. किडा चालू लागला की तो जागीच राही आणि पायांखालून गोळा फिरे. काड्या अशा जोडलेल्या होत्या की दर थोड्या पावलांनी किड्यापुढे दुफाटा येई: डावीकडे की उजवीकडे? किड्याभोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दंडगोल फिरत ठेवला. भोवतालचं जग एका बाजूला सरकू लागलं की बहुतेक प्राणी त्याच बाजूला वळतात. आपण स्वतःच भरकटतोय असं समजून ते स्वतःला सरळ करू पाहतात. किडाही वळे. हासेनश्टाइन आणि राइखार्ट यांनी फक्त मोजलं: किती वेळा डावा फाटा, किती वेळा उजवा.

मग त्यांनी पट्ट्यांची रचना अशी केली की एका नेत्रिकेला उजेड वाढलेला दिसावा आणि क्षणभराने शेजारणीलाही वाढलेला दिसावा. किडा त्या दिशेला वळला. दोघींना उजेड घटलेला दाखवला, तरीही किडा त्याच दिशेला वळला. पण एकीला वाढलेला आणि दुसरीला घटलेला दाखवला, तेव्हा किडा उलट दिशेला वळला. अधिक आणि अधिक मिळून अधिक, उणे आणि उणे मिळून अधिक, अधिक आणि उणे मिळून उणे. सातवीच्या मुलांना आपण हाच नियम घोकायला लावतो. हा बेरजेचा नियम नव्हे, गुणाकाराचा आहे. किड्याच्या डोक्यात कुठेतरी दोन नेत्रिकांच्या बातम्यांचा गुणाकार होत होता.

त्यावरून त्यांनी एक आराखडा मांडला. पहिल्या नेत्रिकेची बातमी थोडी थोपवून धरायची, शेजारणीची तशीच पुढे पाठवायची आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. एक भाऊ लवकर निघून चालत जत्रेला गेला आणि दुसरा मागाहून सायकलवर निघाला, तर दोघं देवळाच्या दारात एकदमच पोचतात. सायकलवाला आधी निघाला तर त्यांची गाठ पडत नाही. तसंच इथे. हालचाल पहिलीकडून दुसरीकडे असेल तर दोन्ही बातम्या एका वेळी पोचतात आणि गुणाकार मोठा येतो. उलट असेल तर त्या चुकतात आणि हाती जवळपास शून्य राहतं. याच मांडणीची आरशातली प्रत शेजारी ठेवायची आणि दोघांच्या उत्तरांची वजाबाकी करायची. झाला गतिशोधक. कुठल्याही पेशीला हात न लावता, नुसत्या वळण्याच्या हिशेबावरून, त्यांनी मेंदूतल्या एका मंडलाचा नकाशा काढला होता. आता प्रत्यक्ष पेशी सापडायच्या होत्या.

त्याच गटातल्या कार्ल ग्योट्झ यांनी हा प्रश्न सोंडकिड्यावरून चिलटावर आणला. १९६४ मध्ये त्यांनी बांधून ठेवलेल्या, हवेत पंख मारणाऱ्या चिलटांभोवती पट्टे फिरवले आणि पट्ट्यांची रुंदी कमी करत नेली. काळा-पांढरा मिळून जोड सुमारे सव्वानऊ अंशांपेक्षा अरुंद झाला, तेव्हा माश्या उलट दिशेला वळू लागल्या. जुन्या चित्रपटात टांग्याची चाकं उलटी फिरताना दिसतात, त्यामागचं कारण हेच. घेतलेले नमुने पट्ट्यांच्या मानाने विरळ असले की दिशा फसते. त्यावरून ग्योट्झ यांना कळलं की तुलना होते ती सुमारे ४.६ अंशांवरच्या दोन ठिकाणांची, म्हणजे अगदी लगतच्या नेत्रिकांची. दूरच्या नव्हे, सख्ख्या शेजारणींची.

चिलट का, असं मुलं नेहमी विचारायची. पुष्कळ काम मोठ्या निळ्या माश्यांवरही झालं, कारण त्यांच्या मेंदूतल्या गती ओळखणाऱ्या शेवटच्या पेशी एवढ्या जाड आहेत की त्यांत विद्युताग्र घुसवता येतं. पण त्या पेशी म्हणजे हिशेबाची शेवटची बेरीज. मूळ गुणाकार ज्या पेशींत व्हायचा त्या इतक्या बारीक की विद्युताग्र त्यांत टिकेना. तिथे चिलट कामी आलं. ते पंधरवड्याच्या आत पिढी बदलतं, आणि त्याची जनुकं माणसाला सर्वांत चांगली ठाऊक आहेत. पेशीला हात लावता येत नसेल तर जनुकातून तिच्यापर्यंत जायचं. हा विचार कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांनी पेरला. १९६७ मध्ये त्यांनी उजेडाकडे न जाणाऱ्या, वागणुकीत बिघाड असलेल्या माश्या वेगळ्या काढायची पद्धत दिली. वुर्त्सबुर्गचे मार्टिन हायझेनबर्ग, क्वांटम भौतिकीवाल्या वेर्नर हायझेनबर्ग यांचे चिरंजीव, यांनी पट्ट्यांना नीट दाद न देणाऱ्या उत्परिवर्तित माश्या शोधल्या. त्यांतल्या एका वाणाच्या मेंदूत त्या जाड पेशीच नव्हत्या.

आणि हाच विचार मुंबईतही आला.

ओबेद सिद्दिकी यांना होमी भाभांनी १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभा करायला बोलावलं. भौतिकशास्त्र आणि गणितासाठी उभ्या राहिलेल्या संस्थेत, कुलाब्याच्या समुद्रकाठी, जीवशास्त्राची ती पहिली खोली. सिद्दिकी उत्तर प्रदेशातल्या बस्तीचे, अलीगढला शिकलेले, ग्लासगोत पोंतेकोर्व्हो यांच्या हाताखाली बुरशीच्या जनुकांवर काम केलेले. सुरुवातीचं काम जिवाणूंवर झालं. सत्तरच्या दशकात ते बेंझर यांच्याकडे गेले आणि चिलटांकडे वळले. तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या आणि थंडावा मिळाला की पुन्हा चालू लागणाऱ्या माश्या दोघांनी शोधल्या. त्या माश्यांच्या चेतांमध्ये नेमका कुठे बिघाड होतो हे त्यांनी विद्युतनोंदींनी तपासलं. तो निबंध १९७६ चा. अशा लुळ्या पडणाऱ्या माश्यांचं महत्त्व तेव्हा किती जणांना कळलं असेल? त्याच काळात व्हँकुव्हरला सापडलेल्या शिबिरे नावाच्या उत्परिवर्तनात तर जेमतेम तीस अंश सेल्सिअसला चेतासंधी बंद पडतात. कुडाळच्या मे महिन्यात ती माशी दुपारी उभीच राहू शकली नसती. पंचवीस वर्षांनी याच शिबिरेचा दिव्याच्या बटणासारखा उपयोग होणार होता. तिथे मी येतेच.

मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी डोळ्याची नव्हे, वासाची आणि चवीची वाट धरली. त्यांच्याकडे पीएचडीला आल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज. १९५३ साली नैरोबीत, गोव्याहून तिथे गेलेल्या घराण्यात त्यांचा जन्म. मकेरेरे विद्यापीठ, मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, आणि तिथून सिद्दिकींचं काम वाचून थेट कुलाबा. परदेशात वाढलेली, शिकलेली मुलगी संशोधनासाठी भारतात येते, हे त्या काळाच्या प्रवाहाच्या अगदी उलट होतं. माझ्या पिढीतल्या विज्ञान शिकलेल्या बायकांना हे वाचून काय वाटलं असेल ते मी शब्दांत सांगू शकणार नाही. त्यांनी विशिष्ट वास किंवा चव न ओळखणाऱ्या माश्या शोधल्या, जनुकं वेगळी केली. आणि पीएचडीनंतर त्या गेल्या ट्यूबिंगेनला, हासेनश्टाइन आणि राइखार्ट यांनी पाया घातलेल्या त्याच संस्थेत, एरिश बुख्नर यांच्याकडे.

बुख्नर यांच्याकडे एक चतुर पद्धत होती. काम करणारी चेतापेशी साखर खाते. साखरेसारखं दिसणारं, पण पेशीला पचवता न येणारं डीऑक्सिग्लुकोज घ्यायचं, त्यावर किरणोत्सर्गी हायड्रोजनची खूण करायची आणि ते माशीच्या अंगात घालायचं. ज्या पेशी जास्त राबतात त्यांच्यात ते साठत जातं. मग मेंदूचे पातळ काप काढून छायाचित्रणाच्या थरावर ठेवायचे. राबलेला भाग काळा उमटतो. बुख्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशीपुढे पट्टे एकाच दिशेला फिरवत ठेवले आणि पाहिलं, तर डोळ्यामागच्या लोब्युला पट्टिका नावाच्या भागात दिशेप्रमाणे वेगवेगळा थर काळा उमटत होता. पुढून मागे, मागून पुढे, वर, खाली. चार दिशा, चार थर. हे १९८४ साल. त्याच वर्षी, त्याच साखरेने, रॉड्रिग्ज आणि बुख्नर यांनी दाखवलं की वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूतले वेगवेगळे गोलक दाद देतात.

दिसणं आणि वास घेणं, एका संस्थेत, एका पद्धतीने, एका वर्षी उलगडत होतं आणि त्यातलं अर्धं काम मुंबईहून गेलेल्या बाईच्या हातचं होतं. हे आमच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवं. रॉड्रिग्ज परत टाटा संस्थेत आल्या, पुढे सिद्दिकींनी उभारलेल्या बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या, आणि २०१० मध्ये वारल्या. सिद्दिकी २०१३ मध्ये गेले.

चार थर दिसले, पण त्या थरांत बातमी आणून टाकणाऱ्या पेशी कोणत्या? १९८९ मध्ये फिशबाख आणि डिट्रिश यांनी काहालच्याच पद्धतीने रंगवून चिलटाच्या डोळ्यामागच्या पेशींची मोठी यादी दिली. त्यात टी-४ आणि टी-५ नावाच्या दोन पेशी होत्या. दोघींच्या चार-चार उपजाती आणि प्रत्येक उपजातीचं टोक लोब्युला पट्टिकेच्या एकेका थरात. चार दिशा, चार थर, चार उपजाती. संशय बळावला, पुरावा मात्र अजून नव्हता. तो मिळायला आणखी चोवीस वर्षं लागली, कारण एवढ्याशा पेशीचं बोलणं ऐकायचं साधनच नव्हतं.

साधनं एकामागून एक आली. १९९३ मध्ये ब्रँड आणि पेरिमॉन यांनी ठराविक पेशीतच हवं ते जनुक चालू करायची युक्ती दिली. २००१ मध्ये कितामोतो यांनी त्या युक्तीला शिबिरेची जोड दिली. आता संपूर्ण माशी लुळी पाडायची गरज नव्हती. निवडलेल्या पेशींतच ते जनुक घालायचं, खोली तापवायची, तेवढ्याच पेशी मुक्या होतात. थंड केलं की पुन्हा बोलू लागतात. लुळ्या माश्यांच्या त्या जुन्या अभ्यासाचं चीज असं झालं. शिवाय पेशीत कॅल्शियम वाढलं की चमकणारी प्रथिनं मिळाली, म्हणजे विद्युताग्र न घुसवता, सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचं काम डोळ्यांनी पाहता येऊ लागलं.

म्युनिकजवळच्या मार्टिन्सरीडला अलेक्झांडर बोर्स्ट यांच्या गटाने ही सगळी साधनं एका प्रश्नामागे लावली. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की डोळ्याच्या अगदी पहिल्या मुक्कामालाच बातमी दोन वाटांनी फुटते. एल-१ पेशीच्या वाटेने "उजेड वाढला", एल-२ च्या वाटेने "उजेड घटला". त्या निबंधाच्या लेखकांत शामप्रसाद वारिजा रघू हे नाव आहे. ते पुढे मंगळूर विद्यापीठात शिकवू लागले, म्हणजे आमच्या कोकण रेल्वेच्या दक्षिण टोकाला. मग २०१३ च्या ऑगस्टमध्ये पुरावा आला. टी-४ फक्त उजळ कडेच्या हालचालीला दाद देते, टी-५ फक्त काळोख्या कडेच्या, आणि प्रत्येक उपजात आपापल्या एकाच दिशेला. शिबिरेसारख्या युक्तीने या दोन्ही मुक्या केल्या की माशीला फिरत्या पट्ट्यांची दिशा कळेनाशी होते. त्याच अंकात अमेरिकेच्या जनेलिया संस्थेने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने चिलटाच्या डोळ्यामागच्या एका भागातल्या ३७९ पेशी आणि ८,६३७ जोडण्या मोजून मांडल्या.

तरी गुणाकार उरलाच होता. पेशी सापडली, पण ती गुणाकार करते कशी? त्याचं उत्तर २०२२ मध्ये आलं आणि ते दहावीच्या पुस्तकातलं निघालं. अंधारात एमआय-९ नावाची एक पेशी टी-४ ला ग्लुटामेटने दाबून धरते. आपल्या मेंदूत ग्लुटामेट प्रामुख्याने चेतवणारं रसायन आहे, आणि इथे मात्र टी-४ वरचे त्याचे ग्राहक पेशी शांत करतात. उजळ कड पहिल्या ठिकाणी आली की एमआय-९ गप्प होते. दाबण्यासाठी उघडलेल्या वाटा मिटतात, म्हणजेच टी-४ च्या पडद्याचा विद्युतरोध वाढतो. इतक्यात कड शेजारच्या ठिकाणी पोचते आणि तिथून एमआय-१ आणि टीएम-३ या पेशींकडून चेतवणारा प्रवाह येतो. ओहमचा नियम काय सांगतो? विभवांतर म्हणजे प्रवाह गुणिले रोध. रोध वाढलेला असताना तोच प्रवाह आला तर विभवांतर बेरजेच्या पुष्कळ पलीकडे जातं. कड उलट दिशेने आली तर प्रवाह येतो तेव्हा वाटा उघड्याच असतात, तो वाया जातो. सोंडकिड्याच्या पायांखालच्या काड्यांवरून १९५६ मध्ये ओळखलेला गुणाकार एका पेशीच्या पडद्यावर, ओहमच्या नियमाने, खरोखरच होत होता. ग्रोश्नर, बोर्स्ट आणि सहकाऱ्यांचा तो निबंध मी वाचला तेव्हा मला राइखार्टची फार आठवण झाली. ते १९९२ मध्येच गेले होते. हासेनश्टाइन २०१६ पर्यंत होते. त्यांना निदान टी-४ ची पेशी सापडलेली पाहायला मिळाली.

काकीचा प्रश्न मात्र दिशेच्या पुढचा आहे. येणारा हात डावीकडे-उजवीकडे जात नाही, तो जवळ येतो, आणि जवळ येणारी वस्तू चारी बाजूंनी मोठी होत जाते. २०१७ मध्ये जनेलियात एलपीएलसी-२ नावाच्या पेशीचा उलगडा झाला. तिच्या फांद्या लोब्युला पट्टिकेच्या चारही थरांत पसरतात आणि मिळून अधिकच्या चिन्हाचा आकार होतो. वरची फांदी वर जाणारी हालचाल ऐकते, खालची खाली जाणारी, डावी-उजवीही तशाच बाहेर जाणाऱ्या. चारही फांद्यांना एकदम "बाहेर, बाहेर" अशी बातमी मिळाली की पेशी पेटते. नुसती सरकणारी वस्तू असेल तर एक फांदी चेतते आणि समोरची दाबली जाते, पेशी गप्प राहते. म्हणजे आपल्यावर चालून येणारी वस्तू आणि बाजूने जाणारी वस्तू यांतला फरक या पेशीच्या आकारातच कोरलेला आहे. तिच्याकडून निरोप थेट पायांच्या आणि पंखांच्या स्नायूंकडे धावणाऱ्या जाड चेतातंतूला जातो. त्याआधी २००८ मध्ये ग्वेनेथ कार्ड आणि मायकेल डिकिन्सन यांनी वेगवान कॅमेऱ्याने दाखवलं होतं की माशी उडण्याच्या सुमारे २०० मिलिसेकंद आधीच पाय सरकवून अंगाचा तोल अशा बाजूला नेते की उडी धोक्यापासून दूर पडावी. डोळा मागचंही पाहतो, कारण तो जवळजवळ सगळीकडे पाहतो. काकीला मी हे एवढं सांगितलं. त्यावर तिने गरे काढायचे थांबवून विचारलं, "म्हणजे ती आधीच ठरवतत, खय उडूचा ता?" हो, आधीच ठरवतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात चिलटाच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा पुरा झाला: १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींहून अधिक जोडण्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पेशी डोळ्यांच्या कामी लागलेल्या आहेत. नकाशा तपासायला संशोधकांबरोबर घरी बसून काम करणारे हौशी लोकही होते. पण नकाशात प्रत्येक जोडणी असली तरी ती कधी किती जोर लावते हे त्यात नाही. तीच माशी बसलेली असताना आणि उडत असताना त्याच पेशी वेगळी दाद देतात, उडताना जास्त जोमाने. हे कसं बदलतं याचं काम अजून चालू आहे.

महाविद्यालयांतली चिरफाड बंद झाल्यावर प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला चिलटं जास्त आली आणि मला त्याचा आनंदच झाला. म्हैसूरच्या प्रयोगशाळांत वापरतात तसं रवा, गूळ आणि आगर यांचं खाद्य शिजवून बाटल्या भरायच्या, वर कापसाचं बूच. पट्ट्यांचा दंडगोल मुलं पुठ्ठ्याचा करतात. मधोमध लहान काचेची डबी ठेवून तिच्यात माश्या सोडायच्या, दंडगोल हळूहळू फिरवायचा आणि किती माश्या कुठल्या बाजूला वळतात ते लिहायचं. रुंद पट्ट्यांचा प्रयोग साध्या उजेडात होतो. ग्योट्झ यांचा, उलट वळवणारा, जास्त कठीण आहे. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या दंडगोलात एक अंश म्हणजे सुमारे १.३ मिलिमीटर. काळा-पांढरा मिळून सात अंशांचा जोड हवा, म्हणजे एकेक पट्टा साडेचार मिलिमीटरचा, आणि हाताने चिकटवलेले पट्टे तेवढ्या बारकाईत वाकडे जातात. म्हणून यंदा मुलांनी ते कुडाळातल्या छापखान्यातून छापून घ्यायचं ठरवलं आहे, एक पट्टी सात अंशांच्या जोडाची आणि तुलनेसाठी दुसरी तीस अंशांच्या जोडाची.